'सर्कस' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या वृद्धांवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत, "म्हाताऱ्या माणसाला 'पाणी म्हण, मग देतो' म्हणणं ही सर्कस झाली. सहा महिन्यांनंतर काही परत येत नसतं. लेखही फार लांब." लेख लांबला, मान्य. पण 'सर्कस'? ज्यांच्या घरात कुणी रोज एकेका शब्दासाठी झगडतंय, तेही इथे वाचतात. निदान तेवढं भान ठेवायचं होतं.

'पाणी म्हण, मग देतो' असं मी कुठेही लिहिलेलं नाही. तहानलेल्याचं पाणी अडवणं हा छळ आहे, उपचार नव्हे. हा उपचार ज्यावर उभा आहे, ते अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरने 1957 मध्ये भाषेबद्दल मांडलेलं म्हणणं वेगळंच आहे. एकच शब्द निरनिराळ्या कारणांनी तोंडून निघतो: वस्तू हवी असते म्हणून, ती समोर दिसते म्हणून, दुसऱ्याने उच्चारला म्हणून. यातलं एक शाबूत राहून दुसरं जाऊ शकतं, म्हणून आधी तपासणी. 'चष्मा म्हणा' म्हटलं की स्पष्ट म्हणतात, चष्मा दाखवला की गप्प, आणि हवा असला की नुसते चिडतात. अशा माणसाला 'बोलताच येत नाही' असा शिक्का मारून मोकळं होणं फार सोपं असतं.

उपचार इथून सुरू होतो. वर्तमानपत्र हातात द्यायचं, चष्मा दिसेल असा पण जरा लांब. ते शोधू लागले की आपण शब्द उच्चारायचा, त्यांनी मागून म्हणायचा, चष्मा लगेच द्यायचा. पुढे आपण नुसतं 'च' म्हणून थांबायचं. शब्द आला नाही तरी चष्मा द्यायचाच. बोट दाखवलं तरी ते मागणंच. यात तुम्हाला चाबूक कुठे दिसला?

माझी आई यातून गेली आहे. येणारा-जाणारा तिला 'हे काय? ते काय?' विचारायचा आणि ती रडायची. तिला मागून म्हणता येतं, हे स्पीच थेरपिस्टने तपासून दाखवलं आणि तोच धागा धरला. सगळी भाषा परतली नाही. पण पांघरूण, खिडकी, दिवा हे ती स्वतः मागू लागली. तुम्ही अशा कुणाजवळ कधी बसला आहात का? नसाल, तर निकाल देण्याची एवढी घाई कशाला?

सहा महिन्यांचं म्हणाल, तर जर्मनीतला 2017 चा अभ्यास वाचा. सहा महिने उलटून गेलेल्यांना तीन आठवडे, आठवड्याला किमान 10 तास उपचार दिले, आणि त्यांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. यावर आणखी वाद घालायची माझी इच्छा नाही.

पुन्हा जरूर लिहा. फक्त माझं वाक्य जसंच्या तसं उद्धृत करून मग त्यावर टीका करा.