10 हजार रेकॉर्डचं स्टॉपवॉच 1 कोटीला लावू नका

पुण्यातल्या डेव्हलपर मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटांत एक सल्ला अधूनमधून फिरत असतो. आशय असा: बल्क इन्सर्टचा, म्हणजे डेटाबेसमध्ये ढीगभर रेकॉर्ड भरण्याचा, वेग मोजण्यात अवघड काही नाही. आधी वेळ घ्या, नंतर वेळ घ्या, वजाबाकी करा. 10 हजार रेकॉर्डना 1.2 सेकंद लागले, तर 1 कोटीला 1,200 सेकंद, म्हणजे 20 मिनिटं. खात्रीसाठी पाच वेळा चालवून सरासरी काढा. वेग कमी वाटला तर एक्झिक्यूटमेनी, म्हणजे अनेक रेकॉर्ड एकदम द्यायचं पायथनमधलं फंक्शन, वापरा.

यातला गुणाकार तेवढा बरोबर आहे. उदाहरणं मुख्यतः पोस्टग्रेस या डेटाबेसची घेतो, कारण हा सल्ला बहुधा पायथन आणि पोस्टग्रेसच्या कोडसकटच येतो.

"आधी वेळ घ्या, नंतर वेळ घ्या." कोणत्या घड्याळावर? पायथनचं टाइम डॉट टाइम हे भिंतीवरचं घड्याळ. एनटीपीनं, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवणाऱ्या यंत्रणेनं, मध्येच काटे सरकवले की फरक चुकतो. परफ_काउंटर वापरा, जावात नॅनोटाइम. डेटाबेसच्या बाजूनं मोजणारे तर हमखास नाऊ() वापरतात. पोस्टग्रेसमध्ये ते ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्क्या होणाऱ्या बदलांचा गट) सुरू झाल्याची वेळ देतं, त्यामुळे एकाच ट्रान्झॅक्शनमधल्या दोन नाऊ()ची वजाबाकी शून्य येते. तिथे क्लॉक_टाइमस्टँप() लागतं.

"वजाबाकी करा." खरी गोम इथे आहे. दोन खुणांच्या मध्ये नक्की काय पडलं, हे माहीत नसेल तर आकड्याला अर्थ नाही. एसक्यूएलअल्केमी या पायथन लायब्ररीतलं अॅड_ऑल डेटाबेसला काही पाठवतच नाही. पाठवणी फ्लश (साठलेलं पाठवणं) किंवा कमिट (बदल पक्के करणं) यांच्या वेळी होते. जावातून डेटाबेसशी बोलणाऱ्या जेडीबीसीच्या अॅडबॅचचंही तेच, काम एक्झिक्यूटबॅचला होतं. त्यामुळे "0.2 सेकंदात गेले" म्हणून मिरवणारे कित्येक आकडे म्हणजे लॅपटॉपच्या मेमरीत यादी भरायला लागलेला वेळ असतो. उलट टोकाला, सीएसव्ही वाचणं आणि तारखा पार्स करणंही त्याच खुणांमध्ये असतं, आणि दोष डेटाबेसला जातो.

कमिट खुणांच्या आत हवंच. पायथनला पोस्टग्रेसशी जोडणारं सायकोपीजी2 आपोआप कमिट करत नाही. कमिट विसरून कनेक्शन बंद केलं तर सगळं रोलबॅक (रद्द) होतं, म्हणजे टेबलात नसलेल्या डेटाचा वेग तुम्ही मोजलेला असतो. ऑटोकमिट चालू ठेवलं तर प्रत्येक रेकॉर्डला लॉग (वॉल, म्हणजे बदलांची आधी लिहिली जाणारी नोंद) डिस्कवर पक्का करावा लागतो. एका एफसिंकला, म्हणजे डिस्कवर पक्कं लिहिण्याला, 1 मिलिसेकंद धरला तरी 1 लाख रेकॉर्डना 100 सेकंद निव्वळ त्यातच जातात. एक्स्प्लेन अॅनालाइझ या पोस्टग्रेसच्या मोजमापाच्या कमांडनं मोजणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात: त्यात कमिटचा वेळ धरलेला नसतो, आणि ते इन्सर्ट खरोखर करतं.

अंतराचंही तसंच. कोथरूडमधल्या लॅपटॉपवर डॉकरमध्ये डेटाबेस असेल तर जाण्यायेण्याला जवळपास वेळच लागत नाही. तोच कोड एडब्ल्यूएस या अॅमेझॉनच्या क्लाउडवर, मुंबई रीजनमधल्या डेटाबेसला लावा. एका फेरीला 5 मिलिसेकंद धरले, तर एकेक रेकॉर्ड पाठवताना 10 हजारांना 50 सेकंद केवळ फेऱ्यांचे. 1.2 सेकंद गेले कुठे?

"एक्झिक्यूटमेनी वापरा." सायकोपीजी2मध्ये ते आतून साधं लूपच आहे, एकही फेरी वाचत नाही. फेऱ्या वाचवतं ते एक्झिक्यूट_व्हॅल्यूज, पण त्याचा पेज_साइझ, म्हणजे एका फेरीतले रेकॉर्ड, मुळात 100 असतो, म्हणजे 10 हजारांना 100 फेऱ्या. तो 1,000 करून बघा. स्वतः बाइंड पॅरामीटर (कमांडमधल्या रिकाम्या जागांत भरायच्या किमती) देत असाल तर एका स्टेटमेंटला 65,535ची मर्यादा आहे. 20 कॉलम असले की 3,276 रेकॉर्डवर गाडी अडते. फाइलच भरायची असेल तर सरळ कॉपी कमांड.

"1 कोटीला 20 मिनिटं." सकाळी 6 वाजता विद्यापीठ चौक किती वेळात ओलांडला, त्यावरून संध्याकाळी 7 ला हिंजवडीहून घरी कधी पोचू हे सांगण्यातला हा प्रकार. रेकॉर्ड वाढले की परिस्थितीच बदलते.

प्रायमरी की (रेकॉर्डची ओळख) रँडम यूयूआयडी, म्हणजे कसाही पडणारा लांबलचक आयडी, असेल तर इंडेक्समधली (शोधसूचीतली) एक नोंद साधारण 28 बाइट घेते, आणि पानं, म्हणजे डेटाचे ठरावीक आकाराचे तुकडे, सरासरी सत्तर टक्के भरलेली राहतात. 10 हजार रेकॉर्डचा इंडेक्स 400 केबीच्या आसपास, 1 कोटीचा 400 एमबीच्या. शेअर्ड_बफर्स, म्हणजे पानं ठेवायची पोस्टग्रेसची मेमरी, मूळ 128 एमबीवरच असतील तर पहिला त्यात आरामात मावतो, दुसरा मावत नाही. नवी नोंद कुठल्याही पानावर पडू शकते, त्यामुळे मेमरी आणि डिस्क यांच्यात पानांची बाहेर-आत सुरू होते.

त्यावर चेकपॉइंट, म्हणजे मेमरीतली बदललेली पानं डिस्कवर उतरवणं. मूळ सेटिंगप्रमाणे तो 5 मिनिटांनी होतो, किंवा लॉग मॅक्स_वॉल_साइझच्या, म्हणजे 1 जीबीच्या, हिशेबानं वाढला की त्याआधीच. चेकपॉइंटनंतर एखाद्या पानाला पहिल्यांदा हात लागला की ते 8 केबीचं पान अख्खं लॉगमध्ये लिहिलं जातं. टेबलाच्या शेवटी जोडल्या जाणाऱ्या नव्या पानांना याची फारशी झळ बसत नाही. रँडम इंडेक्सला चांगलीच बसते. 1.2 सेकंदांच्या चाचणीला चेकपॉइंट दिसण्याची शक्यता किती?

चाचणीचं टेबलही बहुधा लुटुपुटीचं असतं. लाइक इन्क्लूडिंग ऑलनं केलेल्या प्रतीत इंडेक्स येतात, पण फॉरेन की (दुसऱ्या, मूळ टेबलाशी जोडणी) आणि ट्रिगर (बदलाबरोबर आपोआप चालणारा कोड) येत नाहीत. खऱ्या टेबलात प्रत्येक रेकॉर्डमागे मूळ टेबलात शोध घ्यावा लागतो, तो खर्च चाचणीत दिसतच नाही.

"पाच वेळा चालवून सरासरी काढा." मध्ये ट्रंकेट (टेबल रिकामं) केलं नाही तर पाचवी फेरी 40 हजार रेकॉर्डच्या टेबलावर चालते. केलं तर पाचही रिकाम्या टेबलावर, आणि प्रत्यक्षातलं टेबल काही रिकामं नसतं. शिवाय एकाच फेरीत चेकपॉइंट आला तर सरासरी ना इकडची ना तिकडची. मध्यक आणि सर्वांत वाईट वेळ, दोन्ही लिहा.

मग मोजायचं कसं? प्रत्यक्षात असेल तेवढा डेटा, इंडेक्स आणि फॉरेन कीसह टेबल तयार ठेवा. फाइल आधीच पार्स करून घ्या. हातानं चेकपॉइंट कमांड द्या, म्हणजे प्रत्येक चाचणीची सुरुवात सारखी होईल. किमान 10 लाख रेकॉर्ड 50 हजारांच्या तुकड्यांत भरा, तुकडीगणिक कमिट करा, आणि दर तुकडीला दोन आकडे नोंदवा: लागलेला वेळ, आणि पीजी_करंट_वॉल_एलएसएनमधला फरक, म्हणजे किती लॉग लिहिला गेला. कोड डेटाबेसच्याच रीजनमधल्या मशिनवरून चालवा.

मग त्या वेळांचा आलेख बघा. वेळ हळूहळू चढत असेल तर इंडेक्स मेमरीबाहेर चाललाय. रँडमऐवजी क्रमानं वाढणारी की घ्या, किंवा एकदाच भरायचं असेल तर इंडेक्स नंतर बांधा. वेळ आणि लॉग दोन्ही करवतीच्या दात्यांसारखे वरखाली होत असतील तर चेकपॉइंट. सर्व्हरच्या संदेशांच्या लॉगमध्ये त्याचं कारण टाइमऐवजी वॉल दिसलं तर मॅक्स_वॉल_साइझ वाढवा. आणि अर्धा तास सगळं सुरळीत चालून वेग एकदम कोसळला, तर डिस्कचा प्रकार तपासा. एडब्ल्यूएसची 100 जीबीची जीपी2 डिस्क साठवलेल्या क्रेडिटवर साधारण तेवढाच वेळ 3,000 आयओपीएस (सेकंदाला तेवढी वाचनं-लेखनं) देते, मग 300वर येते.