फाइल परत पाठवली म्हणजे दोषी ठरवलं नव्हे

माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून चाललेल्या दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. जी. एन. साईबाबांच्या खटल्याबद्दलचा एक मेसेज मला आधी दोनदा येऊन गेला होता, सोडून दिला. परवा तो मामांनी आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आपल्या नागपुरात हे चालतं.' म्हणून लिहितोय.

मेसेज म्हणतो: सुप्रीम कोर्टाने प्रा. साईबाबांना दोषी धरून केस परत पाठवली. नागपूरच्या त्याच बेंचने आदेश धुडकावून पुन्हा सोडलं. तेही फक्त टेक्निकल मुद्द्यावर. आणि सुटलेल्याची केस पुन्हा चालवणं कायद्यात बसतच नाही.

पहिलंच वाक्य सगळ्यात घातक आहे. सुप्रीम कोर्टाने या खटल्यात कोणालाही दोषी ठरवलं नाही. दोषी ठरवलं होतं गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने, मार्च 2017 मध्ये: पाच जणांना जन्मठेप, एकाला दहा वर्षं. 14 ऑक्टोबर 2022 ला मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने ती शिक्षा रद्द केली. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सुप्रीम कोर्टाने खास बसून त्या निकालाला स्थगिती दिली. मग 19 एप्रिल 2023 चा आदेश आला, ज्याच्या नावावर हा मेसेज फिरतोय. त्यात काय आहे? अपील पुन्हा ऐका, गुणदोषांवर ऐका, शक्यतो चार महिन्यांत संपवा, आणि दोन्ही बाजूंचे सगळे मुद्दे खुले आहेत, खटला चालवायला लागणाऱ्या सरकारी मंजुरीचा मुद्दासुद्धा. यात 'दोषी' कुठे आहे?

मामा, तुमचा बेसाच्या प्लॉटचा दावा अपिलातून रिमांड होऊन खाली आला, तेव्हा तुम्हीच आईला सांगत होता, 'ना हरलो, ना जिंकलो, पुन्हा चालवायचंय.' स्वतःच्या प्लॉटला जो अर्थ लावलात, तोच इथे लावा.

'त्याच बेंचने' हेही खोटं. केस दुसऱ्या न्यायमूर्तींच्या बेंचकडे द्या, असं सुप्रीम कोर्टानेच सांगितलं होतं. 2022 चा निकाल न्या. रोहित देव आणि न्या. अनिल पानसरे यांचा, 5 मार्च 2024 चा न्या. विनय जोशी आणि न्या. वाल्मिकी मेनेझेस यांचा. इमारत एक, न्यायमूर्ती चौघे वेगळे.

टेक्निकल मुद्द्याचं मात्र अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. 2022 चा निकाल यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या मंजुरीवरच उभा होता. साईबाबांवर खटला चालवायची मंजुरी आली तोवर आरोप निश्चित होऊन पहिला साक्षीदारही तपासून झाला होता. पण 2024 चा निकाल तिथे थांबत नाही. त्यात पुरावा तपासला आहे: घरझडतीतली जप्ती विश्वासार्ह नाही, इलेक्ट्रॉनिक पुरावा नीट सिद्ध झालेला नाही, आणि इंटरनेटवरून नक्षल विचारांचं साहित्य नुसतं उतरवून घेणं हा दहशतवादाचा गुन्हा होत नाही. याला टेक्निकल म्हणायचं तर पुरावा कशाला म्हणायचं? सरकारचं अपील सुप्रीम कोर्टाने दाखल करून घेतलं, हेही खरं. पण 11 मार्च 2024 ला स्थगिती मात्र नाकारली, आणि निकाल प्रथमदर्शनी सकारण असल्याचं म्हटलं.

राहिलं 'कायद्यात बसत नाही'. बसतं. इथे तर फक्त अपील पुन्हा ऐकलं गेलं. अपिली कोर्टाला अख्खा खटला नव्याने चालवायला सांगायचाही अधिकार आहे. 2002 च्या गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी प्रकरणात सगळे 21 आरोपी सुटले होते, 2004 मध्ये सुप्रीम कोर्टाने खटला महाराष्ट्रात नव्याने चालवायला लावला, आणि 2006 मध्ये मुंबईत नऊ जण दोषी ठरले. पुढे 2012 मध्ये हायकोर्टाने त्यातले पाच सोडले, चौघांची शिक्षा कायम ठेवली. नव्याने खटला चालवायला सांगितलं तेव्हा यातलं काहीच ठरलेलं नव्हतं.

2022 च्या निकालापासून 2024 च्या निकालापर्यंत जवळजवळ सतरा महिने गेले. ते सगळे, नव्वद टक्के अपंग असलेला, व्हीलचेअरवरचा हा माणूस आपल्या वर्धा रोडवरच्या जेलात होता. सहा आरोपींपैकी एक गडचिरोलीचा आदिवासी तरुण पहिल्या निकालाआधीच, ऑगस्ट 2022 मध्ये, कैदेत असतानाच वारला. साईबाबा सुटले आणि सात महिन्यांत, 12 ऑक्टोबर 2024 ला, हैदराबादमध्ये गेले. दोघांपैकी कोणीही आता या मेसेजला उत्तर देऊ शकत नाही. मामा, ग्रुपवरून तो काढा, आणि पुढे ज्यांना पाठवलात त्यांना आज फोन करा.