शिल्लुक राजाला कोंडून मारतात? पुरावा दाखवा

घरच्या ग्रुपवर मेसेज आलाय: 'आफ्रिकेतली शिल्लुक जमात राजाला देव मानते, पण तो आजारी पडला किंवा राण्यांना खूश ठेवू शकला नाही की त्याला झोपडीत कोंडून मारते. आजही! त्यांना देव माहीत नाही, भुतं पूजतात.' धाकट्या भावाने तो चक्क स्पर्धा परीक्षेच्या वहीत उतरवून घेतला, म्हणून लिहितोय.

कोंडून मारण्याची गोष्ट ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ चार्ल्स सेलिग्मन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकांकडून ऐकून लिहिली. असा वध त्यांनी स्वतः पाहिला नव्हता. दंतकथा आणि धर्मांचे अभ्यासक जेम्स फ्रेझर यांनी ती जगभर पोचवली. पुढे १९४८ मध्ये, फ्रेझर यांच्याच नावाच्या व्याख्यानात, मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी सगळं तपासलं आणि सांगितलं, की विधी म्हणून राजाला मारल्याचा दंतकथांपलीकडे पुरावा नाही, ही बहुधा कल्पनाच. ते सगळ्याच अभ्यासकांना पटलं नाही, हे खरं. राजपुत्र बंड करत आणि त्यात राजे मारले जात, हेही खरं. पण गादीसाठीच्या मारामाऱ्या कुठल्या राजघराण्यात नव्हत्या?

राजाला देव मानतात, हेही अर्धंच. अमर आहे तो न्यिकांग, त्यांचा पहिला राजा. तो मेला नाही, वावटळीत नाहीसा झाला, असं ते सांगतात. नवा राजा, म्हणजे रेथ, निवडला की आकुर्वा गावच्या देवळातून शहामृगाची पिसं लावलेली न्यिकांगची प्रतिमा सैन्यासह राजधानी फाशोदाकडे निघते. लुटुपुटूची लढाई होते, न्यिकांग जिंकतो, रेथला पकडतो. मग आसनावर आधी प्रतिमा बसते. ती उचलून रेथला बसवतात आणि तो थरथरू लागतो. न्यिकांग अंगात आला, ही त्याची खूण. माणूस आणि त्याच्यात आलेला न्यिकांग यांतला फरक त्यांना नीट कळतो. मेसेज लिहिणाऱ्याला कळत नाही.

देव माहीत नाही, हे तर साफ खोटं. जुओक हा त्यांचा सृष्टिकर्ता, वाऱ्यासारखा सगळीकडे असलेला. पावसासाठी गुरं बळी देताना न्यिकांगला साकडं घालतात, ते त्याने जुओककडे शब्द टाकावा म्हणून. यात भुतं कुठून आली?

उरलं 'आजही'. १९९० च्या दशकात गादीवर आलेले रेथ क्वोंगो डाक पाडिएत यांनी दोन दशकांहून जास्त काळ गादी सांभाळली. आजचंच सांगायचं असेल तर हे सांगा: २०१३ नंतरच्या दक्षिण सुदानच्या युद्धात पांढऱ्या नाईलकाठची शिल्लुक गावं ओस पडली, हजारो लोक मलाकालच्या संयुक्त राष्ट्रांच्या छावणीत जाऊन राहिले. त्यावर मेसेजमध्ये एक ओळ नाही.