आबांचा ‘सी’

परवा सुरत-भुसावळ पॅसेंजरमध्ये, इंग्रजीची पहिली चार अक्षरे सोडली तर पुढे काही न येणाऱ्या एका गृहस्थांनी इंग्रजी साहित्याच्या परीक्षेत माझा पराभव केला, आणि तो मला अजून पचलेला नाही.

सेटची, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठी लागणारी पात्रता परीक्षा तोंडावर आली आहे. अमळनेरला बसल्यापासून मी डोळे मिटून कीट्स १८२१, शेली १८२२, बायरन १८२४ असा मरणक्रम पुटपुटत होतो. धरणगावला चढलेल्या आबांनी शेजारी बसून टोपी गुडघ्यावर ठेवली आणि हलक्या आवाजात विचारले, “कोन वारलं, भाऊ?”

“कोणी नाही, आबा. इंग्रजांचे कवी आहेत.”

“कधी वारले?”

“दोनशे वर्षे झाली.”

“मंग आता काहून रडून राह्यले?”

परीक्षा म्हणजे काय, हे मी त्यांना समजावून सांगितले, आणि तिथेच माझे चुकले. त्यांनी माझ्या हातातला प्रश्नसंच काढून घेतला, शेवटची उत्तरांची पाने उघडली आणि विचारले, “सांगा, सव्वीसचं काय?”

“आधी प्रश्न तरी वाचा!”

“परश्न मले वाचता येत नाही. उत्तर येतं. ए, बी, सी, डी. नातवाच्या पाटीवर पाह्यलं हाये.”

शेवटी वाकून प्रश्न मीच वाचला. मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’च्या पहिल्या आवृत्तीत किती सर्ग होते? मी ठामपणे बारा म्हणालो. आबांनी बोट सरकवत सरकवत उत्तर शोधले आणि अत्यंत दुःखाने मान हलवली. १६६७ च्या आवृत्तीत दहाच सर्ग होते. बारा झाले ते १६७४ मध्ये. हे मला पाठ होते, आणि पाठ असूनही मी चुकलो, याचाच अधिक राग आला.

“आता मी सांगतो, तुमी तपासा,” म्हणून त्यांनी ओळीने दहा प्रश्नांना ‘सी’ हेच उत्तर दिले. त्यांचे चार बरोबर आले. त्याच दहांत माझे तीन. समोरच्या बाकावरच्या बाईंनी शेंगा सोलणे थांबवून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी आयुष्यभर विसरणार नाही. सेटला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणजे आबांच्या पद्धतीला शासनाचीही हरकत नाही. मी मात्र चार वेळा बसून चार वेळा नापास झालो आहे, तासिका तत्त्वावर शिकवतो, आणि दिवाळीच्या सुट्टीत तास नसल्यामुळे पगारही नसतो. शेली बुडाला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. मीही एकोणतीसच आहे. पण त्याला निदान जातिवैधता प्रमाणपत्रासाठी कुठे खेटे घालावे लागले नव्हते.

जळगाव गेले. भादली जवळ आली तसे आबा उठले, पुस्तक परत देत टोपी डोक्यावर चढवत म्हणाले, “कवी मरन्याचं चाललं म्हून इचारतो. आपले बालकवी. धरणगावले जन्मले, जिथं मी चढलो, अन् इथं भादलीले रुळावर गेले, जिथं मी उतरतो. साल १९१८. वय सांगा.”

जन्मसाल काही केल्या आठवेना. कीट्सचे पंचवीस, बायरनचे छत्तीस, सगळे जिभेवर होते. मी अभावितपणे म्हणालो, “पर्याय द्या ना, आबा.”

गाडी थांबली. फलाटावर पाय ठेवता ठेवता आबा म्हणाले, “सी.”