निदान खुनी तरी पकडला

युद्धकाळातल्या बर्लिनमधला डिटेक्टिव्ह हा माझा लाडका नायक. असल्या कादंबऱ्या मी वर्षानुवर्षं वाचत आलेय. सरकार गुंडांचं, वरिष्ठ पैसे खाणारे, रस्त्यावर मिट्ट काळोख, आणि हा माणूस कशावरही विश्वास न ठेवणारा, तोंडाचा फटकळ, पण हातातला खून उलगडल्याशिवाय जागचा न हलणारा. पुस्तक मिटताना दर वेळी वाटायचं, बाकी सगळं जळो, निदान खुनी तरी पकडला.

हल्ली मी खऱ्या ‘क्रिपो’बद्दल, म्हणजे तिथल्या गुन्हे पोलिसांबद्दल, वाचत बसते. आणि तो ‘निदान’ आता घशाखाली उतरत नाही.

पाउल ओगोर्झोवचंच प्रकरण घ्या. 1940 चा हिवाळा. विमानहल्ल्यांच्या भीतीने बर्लिनचे दिवे बंद, लोकलच्या डब्यातही जेमतेम उजेड. रात्री कामाहून सुटलेली बाई एकटीच घरी निघालीय. डब्यात रेल्वेचा गणवेश घातलेला माणूस येतो. गणवेश बघून तिला उलट धीरच येत असणार. त्याच्याजवळ शिशाच्या जाड केबलचा तुकडा असतो. थोड्या वेळाने धावत्या गाडीतून तिला बाहेर फेकून दिलं जातं.

जुलै 1941 पर्यंत आठ बायका गेल्या. प्रचारमंत्री गोबेल्सच्या खात्याने बातम्या दाबून ठेवलेल्या, त्यामुळे बायकांना सावध करायचीही चोरी. संशय आधी कोणावर? परदेशी मजुरांवर आणि ज्यूंवर. निघाला कोण, तर रेल्वेचाच कर्मचारी, नाझी पक्षाचा सभासद. विल्हेल्म ल्युट्के नावाच्या अधिकाऱ्याच्या पथकाने चिकाटीने माग काढून त्याला पकडला आणि त्याच महिन्यात त्याला प्लोट्झेनझे तुरुंगात मृत्युदंड दिला गेला.

तपास चोख होता, यात वाद नाही. ही मंडळी कच्च्या गुरूची चेली नव्हती. एर्न्स्ट गेनाटने 1926 मध्ये बर्लिनचा खून विभाग उभा केला, घटनास्थळी जायला खास सुसज्ज गाडी बनवून घेतली, 1931 मध्ये 114 पैकी 108 खून उलगडले. त्या आठ बायकांचा खुनी सापडायलाच हवा होता.

पण तोच जुलै महिना बघा. ल्युट्केची माणसं बर्लिनमध्ये आठ खुनांचा मारेकरी शोधत होती, तेव्हा सगळ्या क्रिपोचा प्रमुख आर्थर नेबे मिन्स्कमध्ये होता. आइन्झात्सग्रुप बी या गोळ्या घालणाऱ्या पथकाचा म्होरक्या म्हणून. नोव्हेंबर 1941 पर्यंत त्या पथकाने स्वतःच्याच अहवालात 45 हजारांहून जास्त माणसं मारल्याचं लिहिलं. त्यातला एकही खून अलेक्झांडरप्लाट्झच्या, म्हणजे बर्लिन पोलिसांच्या, कचेरीत नोंदला गेला नाही. तिथे तो गुन्हाच नव्हता.

आणि क्रिपोची प्रयोगशाळा! मृताच्या पोटात विष आहे का, हे तपासणं हे तिचं काम. तिथला रसायनतज्ज्ञ आल्बर्ट विडमन मनोरुग्णांना मारण्यासाठी कार्बन मोनॉक्साइडची व्यवस्था करत होता. सप्टेंबर 1941 मध्ये तो आणि नेबे बेलारूसमध्ये मनोरुग्णांवर स्फोटकं आणि गाडीचा धूर वापरून बघत होते. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या हातांनी विष ओळखायचं, तेच हात ते पुरवत होते.

कोणी म्हणेल, एखादा तरी प्रामाणिक असेलच की. होता. कोनराड मॉर्गेन, एसएसचाच, म्हणजे छळछावण्या चालवणाऱ्या नाझी संघटनेचाच, न्यायाधीश. युद्धटपालाने आउशवित्झच्या छळछावणीतून एकाने बायकोला पार्सल पाठवलं. ते भलतंच जड लागलं म्हणून अडवलं, तर आत सोन्याचे तीन गोळे. दातांतलं सोनं, वितळवलेलं. माणसाच्या तोंडात सोनं असतं किती? मॉर्गेनने बसून हिशेब केला, इतक्या सोन्यासाठी किती मेलेली माणसं लागली असतील. उत्तर हजारांत गेलं. तो आउशवित्झला गेला, सगळं डोळ्यांनी पाहिलं, आणि तपास केला चोरीचा. आणि परवानगीशिवाय केलेल्या खुनांचा. कारण वरून हुकूम आलेले खून त्याच्या कायद्यात बसत होते. बुखेनवाल्ड छळछावणीचा कमांडंट कार्ल कोख याला त्याने धरला, आणि एप्रिल 1945 मध्ये एसएसनेच कोखला गोळ्या घातल्या. ऑक्टोबर 1943 मध्ये पोझनच्या भाषणात एसएसचा प्रमुख हिमलर याने हेच तर बजावलं होतं, की ज्यूंना मारणं आपला हक्क, पण त्यांची एक सिगारेटही खिशात घालायची नाही.

म्हणून मला वाटतं, आपण त्या फटकळ डिटेक्टिव्हला फार स्वस्तात सोडतो. तो दारू पितो, नेत्यांना शिव्या घालतो, आणि आपण समजतो हा त्यांच्यातला नाही. पण ज्याने कुणाकडून कसलीच अपेक्षा ठेवलेली नाही, तो हरकत तरी कशाला घेईल? शिव्या घालून मोकळा झाला की सकाळी कामावर हजर. अशा माणसाची त्या सरकारला अडचण नव्हती, गरज होती.

डिसेंबर 1937 च्या फर्मानानंतर क्रिपोला खटल्याशिवाय माणूस छळछावणीत पाठवता येत होता. आधी शिक्षा भोगलेले, बेघर, वेश्या, भटके. जून 1938 च्या धाडींत दहा हजारांहून जास्त लोक उचलले गेले, आणि त्यात मोठा वाटा क्रिपोचा होता. जर्मन संसदेने त्यांना नाझींचे बळी मानलं ते 2020 मध्ये. सलग 82 वर्षं त्यांच्या बाजूने बोलणारं जवळजवळ कोणी नव्हतं.

तेव्हा माझी लिहिणाऱ्यांकडे एकच मागणी आहे. तुमच्या डिटेक्टिव्हने खुनाचा धागा जरूर पकडावा, पण त्याआधी सकाळी टेबलावर आलेला तो कागद मला दाखवा. वर एका बेघर माणसाचं नाव, खाली सहीची जागा. त्याने पेन उचललं की नाही, ते लिहा.