एकास चौदा

लंघन करायचं ठरवलं की घरात पहिला प्रश्न येतो, "मग खायला काय करू?" प्रश्नात गैर काहीच नाही. आपल्याकडे उपवास हा स्वयंपाकाचाच एक प्रकार आहे. तुपातली साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, शेजारी बटाट्याची भाजी, वाटीभर दही, आणि एवढ्यावर अशक्तपणा येऊ नये म्हणून दोन केळी. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण कुणा वैद्याने रचलेली नसावी, पण निदान अचूक आहे.

त्यात गंमत अशी की आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही चौकडी मूळची अमेरिका खंडातली. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथाला यातल्या कुणाचाही पत्ता नव्हता. तरी गव्हाला मज्जाव आणि बटाट्याला मानाचं पान, हा निवाडा आपण बिनतक्रार पाळतो. व्रताच्या भानगडीत मी पडत नाही; तो देवाचा आणि भक्ताचा मामला. पण पोटाला विश्रांती म्हणून कुणी साबुदाणा खात असेल, तर पोटाचं मत एकदा विचारून घ्यावं.

चरकाची व्याख्या सुटसुटीत आहे: शरीराला जे हलकं करतं ते लंघन. त्याचे दहा प्रकार सांगितले आहेत. वमन म्हणजे उलटी, विरेचन म्हणजे जुलाब, बस्ती म्हणजे एनिमा, नस्य म्हणजे नाकात औषध, ही चार शोधनं, शरीर साफ करणारी; मग तहान सोसणं, वारा, ऊन, पाचक औषधं, उपवास आणि व्यायाम. उपाशी राहणं हा दहातला फक्त एक. ज्याला भूक सोसवत नाही त्याला शास्त्राने उन्हातान्हात फिरायची मोकळीक ठेवली आहे. ही सवलत घ्यायला कुणी पुढे येत नाही, एवढंच.

लंघन कधी करायचं हे पंचांग सांगत नाही, जीभ सांगते. सकाळी जिभेवर पांढरा थर, तोंडाला चव नाही, अंग जड, रात्रीच्या जेवणाचा ढेकर अजून वर येतोय, ही आमाची, म्हणजे न पचलेल्या अन्नाची लक्षणं. अशा वेळी एक जेवण सोडावं, फार तर एक दिवस. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस, आधीच वाळलेला जीव, यांनी या वाटेला जाऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. औषध पोटात आणि अन्न नाही, म्हणजे साखर धाडकन खाली येते. घाम सुटला, हात थरथरले की तिथेच लंघन संपलं. आधी साखर तोंडात टाकायची, शास्त्रार्थ नंतर.

प्यायचं काय? पाणी, तेही उकळून निम्मं आटवलेलं. लिटरभर ठेवलं की अर्धा लिटर उरतं. चिमूटभर सुंठ घालून कोमट कोमट घोट घोट प्यायचं. तांब्याभर एकदम ढोसलं तर मळमळतं, आणि बदनामी लंघनाची होते.

अकराच्या सुमाराला डोकं चढतं. "शरीरातली घाण बाहेर पडतेय," असं सांगणारे शेजारीपाजारी तेव्हाच भेटतात. घाणबिण काही नाही, चहा चुकलाय. रोजचं कॅफिन बंद झालं की साधारण बारा ते चोवीस तासांत डोकं दुखू लागतं. उपाय सोपा आहे: आधीचे चार-पाच दिवस रोज अर्धा कप कमी करत यायचं. आपण मात्र "चहा उपवासाला चालतो" या कलमाखाली दूध-साखरेचे चार कप रिचवतो आणि वर म्हणतो, काल पाण्याचा थेंब घेतला नाही. हे खरंही असतं, पाणी घेतलेलं नसतंच.

एक वाजता भूक लागते कारण एक वाजलेला असतो. पोटाला घड्याळ कळतं. अर्धा-पाऊण तास दम धरला की ही लाट ओसरते. पण नेमकं त्याच वेळी शेजारच्या घरात हिंगाची फोडणी पडते, आणि लसूण तिच्यात थोडा करपला तर तो शेजारी आयुष्यभराचा शत्रू होतो.

आता खरा मुद्दा. लंघन नीट झालं हे कसं ओळखायचं? वारा, लघवी, शौच मोकळं होतं, अंग हलकं वाटतं, ढेकर स्वच्छ येतो, झापड जाते, आणि भूक-तहान एकदमच लागतात. म्हणजे कडकडून भूक लागली की काम झालं, थांबायचं. आपली मंडळी नेमकी तिथून पुढे ईर्ष्येला पेटतात. "आता तर मला भूकच लागत नाही," हे वाक्य छाती फुगवून सांगितलं जातं. भूक मरणं, तोंडाला कोरड, सांधे दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी ही अति झाल्याची लक्षणं म्हणून चरकाने नोंदवून ठेवली आहेत. यात पदक मिळण्यासारखं काही नाही.

थांबायचं म्हणजे मिसळीवर तुटून पडायचं असं नव्हे. आधी पेज. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार शार्ङ्गधर, त्याचं प्रमाण एकास चौदा. पाव वाटी जुना तांदूळ, कोरडाच जरा भाजलेला, आणि साडेतीन वाट्या पाणी. एवढ्याशा तांदळाला एवढं पाणी बघून हात आपोआप डब्याकडे जातो, तो आवरायचा. भांडं जाड बुडाचं आणि दुप्पट मोठं हवं, कारण पेजेचा फेस आपण पाठ फिरवायचीच वाट बघत असतो. एकदा उतू गेली की शेगडीवर तिची खळ होते आणि ती खरवडण्यात उरलीसुरली शक्ती जाते. वर आडवी पळी ठेवा, आंच मंद ठेवा, शीत बोटांत सहज चिरडेपर्यंत शिजू द्या. कुकरमध्ये सगळं एकजीव होऊन चिकट खळ बनते. शेवटी सैंधव, चिमूट सुंठ, हवं तर जिरं. वर पाणी, तळाशी थोडी शितं, पेज ती हीच. पाणी चौपट घातलं तर ती विलेपी, तिचा नंबर पुढच्या जेवणाला. त्यानंतर मुगाचं कढण, मग वरणभात. वमन-विरेचन जोरात झालं असेल तर हाच क्रम सात दिवस चालतो. एक वेळचं जेवण सोडणाऱ्याला एक वाटी पेज पुरे.

पेज गरम असतानाच प्यायची. थंड होताना ती घट्ट होत जाते. अर्ध्या तासाने चमचा उभा राहतो, मग त्यावर तुपाची धार पडते, मेतकूट येतं, लोणच्याची फोड येते, आणि आतून हाक ऐकू येते, "पापड भाजू की तळू?"