दुपारी तीननंतर आई पाणी पीत नाही

नाटकाला जायचं असलं की आमची आई दुपारी तीननंतर पाणी पीत नाही. बीपीची गोळी पण एका घोटात. वय बहात्तर. का, तर "इंटर्व्हलला लाईन असते रे". मला हे कळायलाच कित्येक वर्षं गेली, बायकोला पहिल्याच नाटकाला कळलं होतं म्हणे, असो.

मागच्या महिन्यात तिला एका जुन्या नाट्यगृहात नेलं. नाव लिहीत नाही, नाशकातलं का बाहेरचं तेही नाही, कारण लगेच खाली भांडण सुरू होईल. वास्तू सुंदरच. जुन्या नटांचे फोटो, लाकडी जिना, आणि आवाज असा की माईक नसता तरी मागच्या रांगेत ऐकू आलं असतं. पण लेडीज टॉयलेट त्या जिन्याखाली, पाच पायऱ्या उतरून, धरायला कठडा नाही, बल्ब एक आणि तोही मिणमिणता. आई माझा हात धरून उतरली. पुढे मला जाता येईना, मग एका अनोळखी मुलीने "चला आजी" म्हणून नेलं. दुसरा अंक सुरू होऊन पाच-सात मिनिटं झाल्यावर आम्ही अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत सीटवर, आणि "काय झालं मधे" विचारलं तर शेजारच्या काकांनी शूऽऽ केलं. बटाटावडा राहिला तो राहिलाच.

साधा हिशोब करा ना. समजा चारशे बायका, सहा टॉयलेट, पंधरा मिनिटं. साडी सावरून एकीला दोन मिनिटं जरी धरली तरी पंचेचाळीस जणी होतात, बाकीच्यांनी काय करायचं? बांधताना दोन्हीकडे सारखीच टॉयलेट दिली की झाली समानता, असं कोणीतरी ठरवलेलं दिसतं.

आता "हेरिटेज आहे, हात लावता येत नाही" हे ऐकवू नका. नाटकाचं प्रेम आपल्याला कोणी शिकवायला नको. २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या त्या इथेच नाशकात, विजयानंद थिएटरात, 'शारदा'च्या प्रयोगाला. शिरवाडकर, कानेटकर याच गावात राहून लिहीत होते. कोल्हापूरचं शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेलं नाट्यगृह (आताचं केशवराव भोसले) ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं तेव्हा मीपण रात्री उशिरापर्यंत व्हिडिओ बघत बसलो होतो. जुनं जपायलाच पाहिजे. पण रंगमंच, कमानी, फोटो ठेवा की तसेच, कठडा बसवला, पायरीच्या कडेला लाईटची पट्टी लावली, व्हीलचेअरसाठी उतार केला तर कुठला इतिहास पुसतो? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर सार्वजनिक जागी हे पाहिजेच असं आहे. आणि तिसरी घंटा पाच मिनिटं उशिरा दिली तर नाटकवाल्यांचं काय जातं हो! (जातं, माहितीये, पुढचा प्रयोग असतो, सेट काढायचा असतो. तरी पण.)

लोक म्हणतात तरुण पोरं नाटकाला येत नाहीत. येतील. मला ज्या येत होत्या आणि आता घरी बसल्यात त्यांची जास्त काळजी वाटते. आईच्या भिशीतल्या सहा जणींपैकी चौघींनी नाटक सोडलं, गुडघे आणि हे.

काल पेपरात जाहिरात बघून आई म्हणाली, कडेची सीट बघ, खालची, दाराजवळची. म्हटलं नाटक कुठलंय? तर म्हणे ते बघू नंतर, आधी सीट बघ.